खंदक, चिखल, रक्त: १९१७ च्या युद्धात घडणाऱ्या भयपटाच्या कामाच्या नोंदी

लांबी १८ मिनिटं. स्थळ-काळ: पहिल्या महायुद्धाची पश्चिम आघाडी, १९१७ चा पावसाळी शरद ऋतू. जिंकून घेतलेल्या शत्रूच्या खंदकात सहा ब्रिटिश सैनिक रात्र काढतात. खंदकाच्या तळाशी मातीत खणलेलं एक सोडून दिलेलं भुयार आहे आणि आतून मेलेली माणसं परत यायला लागतात. पैशाचे आकडे जागेप्रमाणे बदलतात, म्हणून इथे लिटर, किलो आणि वाया गेलेले दिवस दिले आहेत.

२ सप्टेंबर. पटकथेतल्या जखमा मोजल्या

प्रत्येक जखमेसाठी पटकथेवर एक पिवळी चिठ्ठी लावली. एकूण २३ झाल्या. त्यातल्या १४ पहिल्या सात मिनिटांत, म्हणजे भुताचा पत्ता नसताना. गोळीनं फुटलेलं डोकं, तुटलेला पाय, बाहेर आलेली आतडी, सगळं युद्धातच उधळून झालेलं. मग आठव्या मिनिटाला मेलेला माणूस उठून कुणाचा तरी गळा फोडतो तेव्हा प्रेक्षकाला नवीन काय दिसणार? युद्धपट आणि रक्तरंजित भयपट एकत्र केले की गाडी हमखास इथेच रुतते.

१४ वरून ४ वर आणल्या. उरलेल्या चारही कपड्यावरच्या: गोळी लागते, माणूस पडतो, कॅमेरा थांबत नाही. उघडं मांस आठव्या मिनिटाआधी दाखवायचं नाही, हे भिंतीवर लिहून ठेवलं.

दुसरा नियम त्यातूनच निघाला. भयाच्या प्रत्येक खुणेला आधी युद्धातलं साधं कारण असलं पाहिजे. भुयारातून खरवडल्याचा आवाज आला तर ते उंदीर. माणूस बडबडायला लागला तर त्याला भडिमाराचा धक्का बसलाय. अंगावर फोड आले तर मस्टर्ड गॅस. जुलै १९१७ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळ तो पहिल्यांदा वापरला गेला, आणि फोड यायला काही तास जातात. फोड बघून एक सैनिक दुसऱ्याला "काल संध्याकाळी लागला असेल" म्हणतो, ते कुणालाही पटतं.

६ ते ११ सप्टेंबर. खंदकाचा सेट, पहिली चूक

खरे खंदक सरळ नसायचे. ठरावीक अंतरावर काटकोनात वळायचे, म्हणजे तोफगोळा आत पडला तर स्फोट एकाच कप्प्यात अडतो आणि एका टोकाला शिरलेला शत्रू सगळी रांग गोळ्यांनी झोडपू शकत नाही. भयपटाला हे आयतंच मिळालं: दहा पावलांपुढचं काहीच दिसत नाही. म्हणून सरळ खंदक कितीही स्वस्त पडत असला तरी बांधू नये.

तीन कप्पे आणि मधली दोन वळणं बांधली. प्रत्येक कप्पा १२ फूट लांब, म्हणजे ८×४ फुटी प्लायवूडचे तीन उभे तक्ते. कॅमेरा फिरायला जागा हवी म्हणून रुंदी सहा फूट ठेवली, आणि इथेच फसलो. चाचणीच्या फुटेजमध्ये तो खंदक दिसेना, शाळेचा व्हरांडा दिसत होता. दोन माणसं खांद्याला खांदा न लावता एकमेकांना ओलांडून जाऊ शकली की भीती गेली. एक बाजू पूर्ण सोडवून रुंदी साडेतीन फुटांवर आणली. त्या बाजूचे तक्ते चाकांच्या चौकटीवर बसवले, म्हणजे कॅमेऱ्यासाठी हवा तो तक्ता बाहेर ओढता येतो. दोन दिवस आणि नऊ तक्ते वाया.

१४ सप्टेंबर. वाळूच्या गोण्या

२४० गोण्या. वाळूनं भरलेली एक गोणी १५ किलोच्या पुढे जाते आणि साध्या प्लायच्या भिंतीला तेवढं ओझं झेपत नाही, म्हणून भुसा भरला. कुणाचा खांदा लागला की गोणी उशीसारखी दबते आणि हलकेच परत फुगते. कॅमेऱ्यासमोर हे लगेच पकडलं जातं. शेवटी खालचे थर भुशाचे, आणि हात, कोपर, बंदूक टेकणारा वरचा थर अर्धी वाळू अर्धा भुसा. भरून झाल्यावर प्रत्येक गोणी फावड्याच्या पाठीनं ठोकून चपटी केली. गुबगुबीत गोणी नवी दिसते.

२० सप्टेंबर. सिलिकॉन सुकलंच नाही

गळ्याच्या मुख्य जखमेचं शिल्प मातीत तयार झालं, त्यावर प्लॅटिनम सिलिकॉनचा साचा ओतला. दुसऱ्या दिवशी साच्याची आतली बाजू गुळासारखी चिकट. मळायची माती गंधकयुक्त होती, आणि गंधक लागलं की प्लॅटिनम सिलिकॉन पक्कं होत नाही. १.२ किलो सिलिकॉन आणि नऊ तासांचं शिल्प दोन्ही गेलं.

गंधकमुक्त माती आणून पुन्हा केलं. तरीही दुसऱ्या साच्यात तीन ठिकाणी चिकट ठसे, अगदी बोटांच्या आकाराचे. मदतीला आलेल्यानं लॅटेक्सचे हातमोजे घातले होते, त्यांनीही तेच होतं. आता टेबलावर फक्त नायट्राइलचे मोजे ठेवले आहेत आणि प्रत्येक नव्या मातीवर आधी चमचाभर सिलिकॉन टाकून रात्रभर बघतो.

संदर्भासाठी त्या काळातल्या चेहऱ्याच्या जखमांची चित्रं बघितली. सर्जन हॅरल्ड गिलीज यांच्या रुग्णांची हेन्री टॉन्क्स यांनी केलेली पेस्टल चित्रं यासाठी फार उपयोगी आहेत. जखमेची कड कशी आत वळते, भरलेली कातडी कुठे ताणली जाते, एवढंच त्यातून घ्यावं. कुणाचा चेहरा जसाच्या तसा उचलून भुताला लावू नये. तो खरा माणूस होता.

२७ सप्टेंबर. रक्ताच्या तीन बादल्या

जवळच्या शॉटसाठी: ग्लुकोज सिरप १ लिटर, पाणी २०० मिली, लाल खाद्यरंग ३० मिली, निळ्याचे ४-५ थेंब, कोको पावडर दोन चमचे. कोको आधी थोड्या पाण्यात घोटून घ्यायचा, नाहीतर गुठळ्या तरंगतात. कोकोनं रक्त अपारदर्शक होतं. तो नसेल तर सरबत वाटतं.

जमिनीवर आणि कपड्यांवर ओतायचं रक्त वेगळं: लिटरला २० ग्रॅम मिथाइलसेल्युलोज (पाणी घट्ट करणारी भुकटी). पहिल्या वेळी भुकटी थेट थंड पाण्यात टाकली आणि बादलीभर साबुदाणा झाला. आधी एक तृतीयांश पाणी कडक गरम करून त्यात भुकटी फेटायची, मग उरलेलं बर्फगार पाणी ओतून ढवळत राहायचं. घट्टपणा थंड झाल्यावर येतो. हे मिश्रण चिकटत नाही आणि गणवेशातून धुऊन निघतं. सिरपचं रक्त लोकरीत एकदा वाळलं की कापड पुठ्ठ्यासारखं होतं.

तिसरी बाटली तोंडातल्या रक्ताची. तिच्यात फक्त खाण्याचे पदार्थ, वर मोठ्या अक्षरात चिठ्ठी. मेकअप कलावंत डिक स्मिथ यांची जुनी प्रसिद्ध कृती अनेक जण अजून वापरतात, पण तिच्यात कोडॅकचं फोटो-फ्लो (फिल्म धुताना वापरायचं रसायन) पडतं. ते तोंडात जाता कामा नये.

४ ऑक्टोबर. रात्रीच्या दिव्यात सगळं रक्त काळं

या कामातला सगळ्यात उपयोगी गोंधळ. चांदण्याचा भास देणाऱ्या निळ्या दिव्याखाली चाचणी घेतली. बादलीत झकास दिसणारं रक्त पडद्यावर डांबरासारखं. निळ्या उजेडात लाल रंगाला परत पाठवायला लाल प्रकाशच नसतो, मग तो काळा दिसणार. रंग दुप्पट केला, फरक नाही. फ्लोरोसंट लाल मिसळलं तर खेळण्यासारखं चमकलं. संध्याकाळ गेली.

आवराआवर करताना एकानं कंदील उचलून जमिनीजवळ नेला, कॅमेरा अजून चालू होता. काळं डबकं एकदम लाल झालं. चिखल वाटत होता ते सगळं रक्त होतं.

त्यावरून दिव्यांची योजना नव्यानं आखली. युद्धाच्या भागात कंदील लावायचाच नाही (खंदकातही उजेड दाखवणं म्हणजे गोळीला आमंत्रण, तेव्हा कारण आयतं आहे). रक्त असेल, पण काळं, चिखलात मिसळलेलं. आठव्या मिनिटाला भुयारात उतरण्यासाठी पहिला कंदील पेटतो आणि तिथून पुढे जिथे कंदिलाचा उबदार उजेड तिथे लाल. दोन्ही हिंसा वेगळ्या कशा दिसाव्यात या प्रश्नावर महिनाभर डोकं खाजवलं होतं, ते काम एका कंदिलानं केलं. कंदिलात ज्योत नाही, लुकलुकणारा एलईडी आहे. साडेतीन फुटी प्लायच्या बोळात आग नको.

९ ऑक्टोबर. शटर

'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) मध्ये किनाऱ्यावरच्या लढाईला ४५ आणि ९० अंशांचं शटर वापरलं होतं. अंश कमी तितका प्रत्येक फ्रेमला उजेड कमी वेळ मिळतो. मातीचा कण न् कण सुटा दिसतो, हालचाल तुटक होते. सेकंदाला २४ फ्रेम असताना १८० अंश म्हणजे १/४८ सेकंद, ४५ अंश म्हणजे १/१९२. पण त्यात दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) आणि रात्रीच्या सेटवर तेवढा उजेड आमच्याकडे नाही. ९० अंशांवर एकच स्टॉप जातो, ते परवडलं. युद्ध ९० वर, भुयार आणि त्यापुढचं १८० वर. सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही, पण आठव्या मिनिटानंतर हालचाल जड वाटते, स्वप्नात पळताना वाटते तशी.

एक स्वस्त एलईडी पॅनेल ९० अंशांवर पट्टे सोडत होतं. सगळे दिवे ठरलेल्या शटरवर आधी तपासावेत.

१५ ऑक्टोबर. गोळी लागण्याचे परिणाम

बारूद वापरायचा नाही हे आधीच ठरलं होतं. त्यासाठी परवानाधारक माणूस लागतो आणि कलावंताच्या छातीवर ते बांधण्याची जोखीम या आकाराच्या कामाला नको. हवेच्या दाबावर केलं: कॉम्प्रेसर, झडप, ६ मिमी नळी गणवेशाच्या आतून छातीपर्यंत, टोकाला ३० मिली रक्त, कापडाला मागून छेद. चामड्याची गादी अंगावर आधी, मग नळी. नळीचं तोंड नेहमी शरीरापासून बाहेर.

पहिल्या चार टेकमध्ये गणवेश फुगला आणि रक्त बाह्यांमधून गळलं. जाड लोकर साध्या छेदाला दाद देत नाही. कापडाची मागची बाजू खरखरीत सॅंडपेपरनं दोऱ्यांची जाळी दिसेपर्यंत घासली, अधिक चिन्हासारखा छेद दिला आणि दोन टाक्यांनी सैल बंद केला. आता ४ बारला फुटतो.

प्रत्येक टेकला एक गणवेश खर्च करणं शक्य नव्हतं. खिशामागचा चार इंची चौकोन कापून तिथे वेल्क्रोवर बदलता येणारा तुकडा बसवला. खिशाच्या झापेखाली शिवण दिसत नाही. २० तुकडे आदल्या रात्रीच घासून ठेवायचे.

१९ ऑक्टोबर. बंदुका, आणि १३ गोळ्यांचा घोळ

सगळ्या बंदुका रबरी किंवा न उडणाऱ्या प्रतिकृती. नळीच्या तोंडाचा जाळ नंतर टाकायचा, एकच फ्रेम, प्रत्येक वेळी वेगळ्या आकाराचा. पण चेहऱ्यावर उजेड सेटवरच पडला पाहिजे. म्हणून हातात धरायचा छोटा एलईडी फ्लॅश, घोडा दाबताना सहायकानं टिचकी मारायची. हे टाळलं तर जाळ चिकटवल्यासारखा दिसतो.

तालमीत एकानं मोजलं: भुयाराच्या तोंडाशी सैनिक न थांबता १३ गोळ्या झाडतो. ली-एनफिल्ड या ब्रिटिश रायफलमध्ये १० मावतात, त्याही पाच-पाचच्या दोन पट्ट्यांनी भरायच्या. प्रसंग बदलला. दहावी सुटते, अकराव्याला नुसता खटका. पाच काडतुसांची पट्टी चिखलानं भरलेल्या बोटांतून निसटते, आणि तो वाकतो तेव्हा पहिल्यांदा मेलेला माणूस त्याच्या मागे उभा दिसतो. चूक निस्तरताना चित्रपटातला सगळ्यात चांगला धक्का मिळाला.

२४ ऑक्टोबर. तुटलेला हात

कोपरापासून खालचा हात. आत फोम, वर सिलिकॉनची कातडी, बोटांत अॅल्युमिनियमची तार. दिसायला उत्तम. फळीवर पडला आणि चेंडूसारखा उसळला. वजन ३०० ग्रॅम. ७० किलोच्या माणसाचा तेवढा भाग साधारण दीड किलो भरतो. फोम पोखरून ९०० ग्रॅम आणि तळव्यात २५० ग्रॅम वाळूच्या पुरचुंड्या बसवल्या. आता पडतो तेव्हा आधी मनगट आपटतं, मग बोटं क्षणभर उशिरा खाली येतात. तो उशीरच बघणाऱ्याच्या पोटात गोळा आणतो.

तार वारंवार वाकवली की तुटते. करंगळी दुसऱ्याच दिवशी गेली. जाड एकेरी तारेऐवजी बारीक तारांचा पीळ टिकला.

२ नोव्हेंबर. चिखल

बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती), पीट (कुजलेल्या वनस्पतींची काळी माती) आणि पाणी. दिसायला अस्सल, पण बेंटोनाइट साबणाइतकं निसरडं. पहिल्या तालमीत दोघं घसरले, एकाचा घोटा मुरगळला, एक दिवस बुडाला. त्या काळी खंदकातल्या लाकडी फळ्यांवर घसरू नये म्हणून तारेची जाळी ठोकत. फोटोत ती दिसत होती, आम्ही सजावट समजून सोडली होती. दुसऱ्या दिवशी सगळ्या फळ्यांवर जाळी ठोकली.

७ ते १६ नोव्हेंबर. चित्रीकरण, दहा रात्री

पहिली रात्र. थंडीत सिरपचं रक्त काकवीसारखं घट्ट, नळीतून येईना. बाटल्या कोमट पाण्याच्या बादलीत ठेवल्या.

दुसरी रात्र. गॅस मास्कच्या काचा दोन मिनिटांत धुक्यानं भरल्या. भांडी घासायच्या साबणाचा पातळ हात आतून फिरवून पुसला की टेकपुरतं भागतं. त्या काळच्या स्मॉल बॉक्स रेस्पिरेटरमध्ये नाकाला चिमटा आणि दातांत धरायची नळी असायची, म्हणजे मास्क लावलेल्याला बोलता येत नाही. पटकथेत मास्कमधून चार वाक्यं होती, ती काढली. सहा माणसं, कुणालाच ओरडून सावध करता येत नाही, नुसते हातवारे. प्रतिकृतीतून नळी आणि चिमटा काढलेले आहेत, श्वास मोकळा, तरी एका वेळी चार मिनिटांवर मास्क नाही. जुने खरे मास्क वापरू नयेत, अनेकांच्या फिल्टरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं.

चौथी रात्र. मातीचे स्फोट. लोखंडी फनेल, हवेची टाकी, वर चाळलेलं पीट आणि बुचाचा चुरा. संध्याकाळी दव पडून पीट ओलं झालं आणि माती उडण्याऐवजी लाडू उडाले. एक हेल्मेटवर आपटला. तिथेच थांबवलं. भरण कोरडं, झाकलेलं, दर वेळी हातानं चाळून खडा बघायचा, आणि फनेलपासून तीन मीटरच्या आत कुणी नाही.

पाचवी रात्र. जिलेटिनचे फोड हेल्मेटच्या पट्ट्याखाली घामानं मऊ होऊन घसरले. पट्ट्याखाली सिलिकॉनचे, बाकी जिलेटिनचे.

सातवी रात्र. कंटिन्युइटीची मोठी चूक. सोयीसाठी शेवटचा प्रसंग आधी घेतला आणि रक्तात भिजलेला गणवेश वाळून तपकिरी झाला. पुढचा प्रसंग कथेत दहा मिनिटं आधीचा. तीन तास धुण्यात गेले. दर माणसामागे तीन गणवेश लागतातच: कोरडा, चिखलाचा, रक्ताचा. आणि प्रत्येक टेकनंतर चारही बाजूंनी फोटो.

नववी रात्र. गळ्याची जखम. पंप जोरात सुटला, रक्त छतापर्यंत. सेटवर सगळे हसले. दाब निम्मा केला, तीन ठोके द्यायचे आणि प्रत्येक ठोका आधीच्याहून कमी. कारंजं बघून लोक हसतात, ओसरणारं रक्त बघून गप्प होतात. चौथा टेक ठेवला. त्या एका शॉटला अडीच लिटर, पूर्ण चित्रपटाला २२.

१८ नोव्हेंबर. सेट उतरवला

बेंटोनाइट गटारात सोडू नये, फुगून पाइप बंद करतं. टाक्यांत तीन दिवस निवळू दिलं, वरचं पाणी काढलं, गाळ वाळवून गोण्यांत भरला.

१२ डिसेंबर. आवाज

दूरच्या स्फोटाचा उजेड आधी, आवाज मागून. ७०० मीटरला सुमारे दोन सेकंद, म्हणजे पन्नासेक फ्रेम. हे पाळल्याबरोबर आघाडी दूरवर पसरलेली वाटायला लागली. पहिल्या जोडणीत स्फोटानंतर कानात शिट्टी वाजत होती. ती युक्ती झिजून गेली आहे, काढली.

मांसाचे आवाज ओल्या शामॉयच्या (गाडी पुसायचं मऊ चामडं) आणि सेलरीचे दांडे पिळण्याच्या ध्वनिमुद्रणातून. पहिल्या मिश्रणात भडिमाराखाली त्यातलं काहीच ऐकू येईना. आवाज वाढवण्याऐवजी भडिमारच आठव्या मिनिटाला थांबवला. सात मिनिटं सलग दणदणाट ऐकलेल्या कानाला मग ओल्या फळीवरचं एक पाऊलही मोठं वाटतं. सैनिक वर बघतात, त्यांना वाटतं आता हल्ला येणार. कारण पुन्हा युद्धातलंच.

९ जानेवारी. रंग

भुयाराआधीचा एक शॉट खटकत होता. निळ्या उजेडातल्या डबक्याच्या कडेला किंचित लाल दिसतंय, बहुधा कुणाच्या तरी टॉर्चचा उजेड. कड काळी केली. त्या डबक्यात सैनिक बूट धुतो, पाणी समजून. कंदील यायला अजून १९ सेकंद आहेत.